खंडेनवमीचा फ्रीझर

परळच्या ज्या लॅबमध्ये मी पीएचडी करत होते, तिथला देव फ्रीझरमध्ये राहायचा. देव म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या बाटलीतली एक अँटिबॉडी; ती परदेशातून यायला पाच महिने लागले होते. अंड्यातल्या पिल्लाचा पंख घडताना कुठल्या बाजूला कुठलं बोट फुटायचं, हे पेशींना सांगणारं एक प्रोटीन असतं. अँटिबॉडी नेमकी त्याला चिकटते आणि पुढची रसायनं घातली की स्लाइडवरच्या पंखाच्या पातळ कापात तेवढीच जागा तपकिरी होते. माझ्या पहिल्याच स्लाइडवर असा देखणा पट्टा उमटला की आमचे गाइड हरखून गेले. खरं तर एक स्लाइड अँटिबॉडी न घालताही रंगवून बघायची असते, म्हणजे रंग भलतीकडून येत नाही ना, ते कळतं. सरांच्या मते तो वेळेचा अपव्यय होता. त्यांनी फोटो मोठा करून केबिनबाहेर लावला. एक प्रत मी घरी नेली, ती बाबांनी लालबागच्या आमच्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी टांगली. शेजारणी देवांबरोबर तिलाही नमस्कार करून जायच्या.

बाबा गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचे. खंडेनवमीला साचा बंद करायचा, त्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार वाहायचा, आणि दसरा उलटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेली. त्या वर्षी लॅबमधली पूजा माझ्याकडे आली. दादरहून फुलं आणली, मायक्रोस्कोपला कुंकू लावलं आणि एकेका यंत्राचं बटण भक्तिभावाने बंद केलं. फ्रीझरचंही. यंत्रांना विश्रांती मिळाली याचं मला फार समाधान वाटलं.

दसऱ्यानंतर आले तेव्हा फ्रीझरखाली तळं साचलं होतं आणि त्यात हार पडला होता. थिसिसचं शेवटचं प्रकरण त्या बाटलीवर उभं होतं. अँटिबॉडीत काही जीव उरलाय का, हे बघायला मी एक स्लाइड तिने रंगवली आणि तुलनेला, सरांना न विचारता, एक तिच्याशिवाय. दोन्हींवर तोच देखणा पट्टा आला. पेशी आपल्या आपणच तपकिरी होत होत्या. अँटिबॉडी बिचारी इतके दिवस नुसती हजेरी लावत होती.

घरी बाबांना सगळं सांगितलं. गप्प बसले तर दोन महिन्यांत डॉक्टर होईन, हेही सांगितलं. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारून गोष्ट नीट समजून घेतली.

"डागी कापड आम्ही चांगल्या गठ्ठ्यात कधी घातलं नाय," ते म्हणाले. "मुकादम सांगायचा, तरी नाय."

आणि त्यांनी फोटो खाली काढला. मला तेव्हा त्यांचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही स्लाइड सरांसमोर ठेवल्या. त्यांचं निदान असं, की माझ्या अंधश्रद्धेमुळे अँटिबॉडी बिघडली.

"सर, दुसऱ्या स्लाइडवर अँटिबॉडी नाहीच आहे," मी म्हटलं.

म्हणूनच ती स्लाइड विश्वासार्ह नाही, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं.

ते प्रकरण मी थिसिसमधून काढलं आणि पुढचं दीड वर्ष नव्याने घासत बसले. घरातला तो खिळा अजून रिकामा आहे. सरांच्या केबिनबाहेरचा फोटो मात्र जागेवर आहे. खंडेनवमीला आता फ्रीझर चालू ठेवतात आणि फोटोला हार घालतात.