पट्ट्यातलं जादा शिसं

मालक पाण्यातून वर आले, मास्क काढला आणि ओरडले, "इथं नांगर कुणी टाकला?"

त्यांच्या हातात प्रवाळाची मोडकी फांदी होती. मोडलेली जागा ताजी असली की पांढरीशुभ्र दिसते. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण जिवंत असतं. बोटभर वाढायला त्याला वर्षं लागतात.

मालवण किनाऱ्यावरच्या एका स्कूबा सेंटरवर तेव्हा मी मुख्य इन्स्ट्रक्टर होतो. मूळ समुद्रापासून लांबच्या अणदूर गावचा. पोहायला विहिरीत शिकलो, डायव्हिंग नौदलात.

आदल्या दिवशी माझा चुलतभाऊ विष्णू गावाकडचे मित्र घेऊन आला होता. सगळे विहिरीत उड्या मारून तयार झालेले. पण खारं पाणी माणसाला जास्त वर उचलतं.

"दादा, हे पाणी खाली जाऊच देईना की!" विष्णू वैतागला.

अशा वेळी माणसाला श्वासावर अधांतरी राहायला शिकवायचं असतं. आम्ही त्याला बॉयन्सी म्हणतो. ना बुडायचं, ना वर यायचं. त्याला वेळ लागतो, आणि किनाऱ्यावर पुढची बॅच ताटकळत होती. मी प्रत्येकाच्या कमरेच्या पट्ट्यात वजनाला जादा शिसं घातलं. सगळे धोंड्यासारखे थेट प्रवाळावर उतरले. विहिरीत दम लागला की कडेच्या दगडावर पाय टेकायचा, ही लहानपणापासूनची सवय. त्यांनी तेच केलं. मी ते पाहिलं, आणि शिवाय त्यांचे फोटोही काढले.

बोटीवर विष्णू म्हणाला, "पायाखाली कडकड वाजलं बघा. खडक हाय का पापड?"

सगळे हसले. मीही हसलो.

आता मालक आमच्या बोटवाल्याकडे, बाबीकडे बघत होते.

"नांगर मी टाकूकच नाय," बाबी म्हणाला. "बोट बोयाक बांधलेली."

बोया म्हणजे तळाशी कायम बांधलेलं तरंगतं पिंप. त्याला बोट बांधली की नांगर लागत नाही. बाबी रोज न चुकता तिथंच बांधायचा.

"मग काय आपोआप मोडलं?" मालक माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही खाली होतात. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "खूण नांगराचीच वाटते."

बाबीचं काम त्याच दिवशी गेलं.

नव्या बोटवाल्याला बोया गाठायचा कंटाळा. तो खरोखरच नांगर टाकायचा आणि त्याची साखळी प्रवाळावरून फरफटत जायची. त्याला कोणत्या तोंडानं अडवणार? माझं शिसंही चालूच होतं. सीझन संपेतो तिथं नुसता चुरा उरला. मालकांनी ती जागा बंद केली.

निवृत्त होऊन गावी आलो, तरी हे मनातून जाईना. अखेर मालकांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "आता काय उपयोग?"

मग मालवणला बाबीच्या घरी गेलो. त्यानं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"माझा जावंदे," तो म्हणाला. "थंय आता मासो गावणा नाय." प्रवाळाच्या आडोशानं राहणारे मासेही त्याच्याबरोबर गेले होते.

मोडतोडीचं कारण खोटं सांगितलं की बंदोबस्तही भलत्याचाच होतो. हे मला त्या चुऱ्यानं शिकवलं. या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना एवढंच सांगतो, पाहुणा बुडत नसेल तर त्याला शिसं वाढवू नका. तरंगू द्या, शिकू द्या. पुढची बॅच थांबेल.