शेगडीत गेलेली वही

आम्ही बौद्ध. अंगात येणं, बाधा... असलं कोणी नुसतं बोललं तरी सासरे रागावतात. मीपण मानत नव्हते. सातवीपर्यंत शिकले, इंग्रजीत फक्त स्वतःचं नाव लिहिता येतं, हे आधीच सांगते.

तेव्हा आम्ही जळगावला पिंप्राळ्यात राहायचो, एकच खोली. मुलगी चार महिन्यांची. हे कारकून होते अन् बाहेरून एम.ए. करत होते, इंग्रजीचं. दोनदा नापास. "आता नाही झालं तर सोडून देईन," म्हणायचे. संध्याकाळी येरझारा घालत मोठ्याने वाचायचे, पोरगी मांडीवर ऐकत झोपून जायची. काय छान दिवस होते ते...

मी विचारायचे, काय आहे एवढं त्यात?

"शहर. धूर, ओले रस्ते, खाणावळीचा वास, ऑफिसातून दमून येणारा माणूस. जसं दिसतं तसंच लिहिलंय."

"म्हणजे तुमच्यावरच की!"

हसायचे. शेजारच्या अक्का दारातूनच म्हणायच्या, "तुना नवरा येडा शे का व? धूरवर कोनी कविता करस का?"

परीक्षेला तीन दिवस होते. भुशाची शेगडी पेटवायला मी रद्दीतल्या वह्यांची पानं फाडायचे... त्यात ह्यांची नोट्सची वही गेली. कळलं तेव्हा पुठ्ठाच उरला होता. हे आले, राख बघितली अन् खालीच बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं!

मी रडत रडत पोरीला पाजायला घेतलं — अन् माझं तोंड इंग्रजी बोलायला लागलं. भरभर. थांबवता येईना, दातावर दात दाबले तरी येतच राहिलं. नाकात ओल्या कोळशाचा वास, अन् आमच्या घरात कोळसा कधी आणलाच नव्हता. हे आधी बघत राहिले, मग पेन घेतला. "हळू, हळू गं..." पोरगी दूध सोडून माझ्या तोंडाकडे टक लावून.

ऐकून ऐकून पाठ झालं असेल, तुम्ही म्हणाल. मीपण तेच म्हणाले. पण हे पांढरेफटक पडले होते. माझ्या तोंडून वहीची शेवटची चार पानंही आली होती, अन् ती त्यांनी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहिली होती. घरी एकदाही वाचली नव्हती.

पास झाले. आता धुळ्याला कॉलेजात शिकवतात. मला त्यातला एक शब्द आठवत नाही. असं कसं झालं, कोणाला विचारू? सासऱ्यांना तर सांगायचीच सोय नाही.

पण त्या दिवसापासून हे घरात मोठ्याने वाचत नाहीत. दाराबाहेरच्या ओट्यावर बसतात, ओठ मिटून. मी चहा घेऊन गेले की पुस्तक बंद करतात... अन् माझ्या तोंडाकडे बघतात.