प्रबंधातलं आईचं नाव
बाइंडिंगच्या सरसाचा वास आला की मला उल्हासनगर कॅम्प एकमधलं ते दुकान आठवतं. आयर्लंडच्या आधुनिक लेखकांवर स्त्री तत्त्वज्ञांचा कसा प्रभाव पडला, यावरचा माझा पीएचडीचा प्रबंध बांधून घ्यायला मी आईसोबत गेले होते. आमच्या बुवापाड्याच्या घरात मेथी निवडत आई प्रत्येक प्रकरण माझ्याकडून मराठीत ऐकायची. "त्या बाईचं पुस्तक ह्या लेखकानं वाचलं, हे तुला कुणी सांगितलं?" असं तिनं एकदा विचारलं, आणि पुरावा शोधण्यात माझं वर्ष गेलं. दुकानातले सिंधी काका पानं लावता लावता आभारांपाशी थांबले. "सबका नाम है बेटा, मम्मीचं कुठाय?" जगानं विसरलेल्या बायकांवर इतकं लिहून मी आईलाच विसरले होते. "राहू दे गं, मी काय केलं?" आई म्हणाली. मी ऐकलं नाही. शेजारच्या सायबर कॅफेत नवं पान टाइप करायला बसले. आडनाव माहेरचं घालू की सासरचं, असं तिला विचारलं. ती म्हणाली, "नुसतं नाव लिही. तेवढं माझं आहे." आजही पाहुणे आले की ती प्रबंध काढते आणि इंग्रजीतलं आपलं नाव बोट ठेवून दाखवते.