चंदरचा बेंजो

पेणच्या बेंजो पार्टीत चंदरचा बेंजो म्हणजे जीव. नव्वद साली सनई बाजूला सारून त्यानेच तो आणला, तेव्हा म्हातारे वाजंत्री त्याच्यावर थुंकले होते. सत्त्याण्णवला पुतण्या जितूने कीबोर्ड आणला आणि चंदरच्या वाट्याला स्पीकरची हातगाडी आली.

रोह्याजवळ वरसे गावात वरात उताराला लागली. पुढे पोरं बेभान नाचत होती, मागे चंदर दात-ओठ खात गाडी रोखून धरत होता. सुटली असती तर पोरांच्या अंगावरच गेली असती.

तेवढ्यात जितूने बटण दाबलं. कीबोर्डातून बेंजो वाजू लागला; चालही चंदरचीच.

चंदरचा बेंजो पूर्वी ऐकलेली नवरीची आत्या बायजाबाई नुसत्या सुरावरून दारातून ओरडली, "चंदर, हात अजून तसाच हाय रं तुझा!"

"मी नाय..." म्हणायला तो वळला, तशी गाडी हातभर पुढे सरकली.

त्याने पुन्हा पुढे वळून दोन्ही हातांनी दांडी आवळली.