सगळी पात्रं एकाच तोंडाने बोलतात

संपादकबाईंचा मेल मी पुन्हा पुन्हा वाचला आणि प्रत्येक वेळी अंगाचा तिळपापड झाला. बाई चांगल्या आहेत, माझ्या आधीच्या कादंबऱ्या त्यांच्याच नजरेखालून गेल्या आहेत, त्यामुळे रागवायची सोय नव्हती. त्यांनी लिहिलं होतं, पूर्वार्ध छान जमलाय, प्रत्येक माणूस वेगळा ऐकू येतो. मध्यानंतर मात्र काय झालं कळत नाही. विंचूरचा कांद्याचा व्यापारी, देवळाली कॅम्पातला निवृत्त सुभेदार, येवल्याचा विणकर, सगळे एकाच घरात वाढल्यासारखे बोलायला लागतात. आणि खाली एक वाक्य, बहुधा मला हसू यावं म्हणून: ‘रेंजवर तोफ उडाली की मला कसंनुसं होतं, असं सुभेदार म्हणेल का हो?’

नाही म्हणणार. ‘कसंनुसं होतं’ हे माझ्या बायकोचं आहे. दूध उतू गेलं, कुणाची सून माहेरी निघून गेली, मांजर गाडीखाली आलं, तिला सगळ्याचंच कसंनुसं होतं. आणि ते सुभेदाराच्या तोंडी कसं गेलं, हेही मला लगेच कळलं.

मला ऐकू येत नाही. उजवा कान नोकरीत असतानाच गेला. कॉलेजात मराठी शिकवायचो, मागच्या बाकावरची पोरं काय कुजबुजतात ते कळेनासं झालं तेव्हा आधी बरंच वाटलं होतं. डावा त्यानंतर हळूहळू जायला लागला. डॉक्टर म्हणाले, मशीन लावा, पण ते जे उरलंय तेवढंच मोठं करणार. करतंही मोठं: मिक्सर, ट्रक, वरच्या मजल्यावरची ओढलेली खुर्ची. शब्द तेवढे येत नाहीत. देवळालीला तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या नाशिकरोडच्या घरात तो मला छातीत कळतो, आणि समोर बसलेला माणूस काय म्हणतोय ते कळत नाही. काय शिल्लक ठेवायचं आणि काय न्यायचं हे ज्याने ठरवलं, त्याचा मला फार राग येतो.

पात्रांना वेगवेगळी बोली कशी देता, असं मला व्याख्यानाच्या शेवटी हमखास विचारायचे. लोकांना वाटतं, एकाला ‘हाय’ द्यायचं, दुसऱ्याला ‘आहे’, तिसऱ्याच्या तोंडात थोडं हिंदी घालायचं, की झालं. तसं केलं की पात्रं बोलत नाहीत, शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत उभी राहतात. माझी रीत अशी होती की माणूस ‘नाही’ कसं म्हणतो, तेवढं पकडायचं. बाकीचं बोलणं त्यातून आपोआप सुटतं. विंचूरचा व्यापारी नाही म्हणतच नाही. तो म्हणतो, ‘बघू ना भाऊ, माल लय ओला हाय, उद्या या.’ सुभेदार म्हणतो, ‘नहीं होगा,’ आणि विषय संपतो. विणकर हो म्हणतो आणि मग महिनाभर तोंड दाखवत नाही. पंचवटीतले माझे एक नातेवाईक पौरोहित्य करतात, ते स्वतः कधी नाही म्हणत नाहीत, शास्त्राला म्हणायला लावतात.

माझा मुलगा ‘नको’ म्हणतो. एवढंच. लहानपणी दूध घे म्हटलं, नको. क्लास लावू का, नको. लग्नात बँड ठरवू का, नको. का, ते कधी सांगणार नाही. माझ्याशी वाद घालायलासुद्धा त्याने कधी दोन शब्द जास्तीचे खर्च केले नाहीत. मला त्याचा वैताग यायचा आणि मनातून कौतुकही वाटायचं, कारण अख्ख्या घराण्यात एवढा स्वच्छ नकार देणारं माणूस दुसरं नाही.

तर या कादंबरीच्या मध्यावर माझा डावा कान असा झाला की बाहेरच्या माणसाचं बोलणं नुसता गोंगाट वाटायला लागलं. बायकोचं मात्र कळायचं. तिच्या ओठांची इतक्या वर्षांची सवय, त्यामुळे तिचं बोलणं मी निम्मं कानाने आणि निम्मं डोळ्यांनी ऐकतो. मिशीवाल्या माणसांपुढे हात टेकतो. मग माणसांचं बोलणं टिपायला आम्ही दोघं जायला लागलो. एसटीने विंचूर, येवला, रिक्षाने कॅम्पातला बाजार, ज्याच्यावरून सुभेदार बेतला त्या माणसाचं घर. लिलावात व्यापारी एखाद्या शेतकऱ्याला काहीतरी बोलून पुढे सरकायचा, मी बायकोकडे बघायचो, ती कानाशी येऊन सांगायची, ‘त्यांना वाईट वाटतंय हो, पण कांदा ओला आहे म्हणतात. जीव तुटतो म्हणाले, पण काय करणार.’ मी ते जपून घरी आणायचो आणि लिहायचो. कांद्याच्या व्यापाऱ्याचा शेतकऱ्यासाठी जीव तुटतो, हे लिहिताना माझा हात थांबायला हवा होता. नाही थांबला. मला वाटलं, लोक बदलतात.

फोनमध्ये बोलणं टाइप होऊन दिसण्याची सोय असते, तीही करून पाहिली. त्या सोयीने व्यापाऱ्याला आणि भाजीवालीला सारखंच बातम्या द्यायला बसवलं. काढून टाकली.

पण कादंबरी ही त्या दिवसांतली माझी खरी काळजी नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डावाही पूर्ण जाणार; कधी ते सांगता येत नाही, पण जाणार. मला तो जायच्या आत एकदा माझ्या मुलाचं बोलणं ऐकायचं होतं. तो पुण्याला असतो. पुणं काही लांब नाही. त्याने यावं, या डाव्या बाजूला बसावं, कानाला तोंड लावून काहीही बोलावं, बापलेकांत बोलतात तसलं फालतू काहीतरी. पण त्याचं येणं बंद झालं होतं. मी मेसेजवर चार ओळी लिहिल्या की तो अंगठा पाठवायचा. अंगठ्याला कसला आलाय आवाज.

रविवारी दुपारी जेवणं झाली की त्याचा आईला फोन यायचा. ती गॅलरीत जाऊन बोलायची आणि आत येऊन मला सांगायची. तुमची चौकशी करत होता. डॉक्टर काय म्हणाले ते विचारत होता. नवीन कादंबरी कुठवर आली, विचारत होता. मी आठवडाभर त्या दोन-तीन वाक्यांवर काढायचो. खोटं कशाला सांगू, शेजाऱ्यांनाही सांगायचो.

मेल आला त्या आठवड्यात मी उत्तरार्ध घेऊन बसलो आणि बायकोला एकेका पात्राच्या तोंडातून बाहेर काढायला लागलो. जिथे जिथे ‘कसंनुसं’, ‘जीव तुटतो’, ‘काय करणार बिचारा’ दिसलं, तिथे पेन्सिल ओढली. प्रत्येकाला विचारायचो, बाबा रे, तू नाही कसं म्हणतोस? सुभेदार लवकर ताळ्यावर आला. व्यापाऱ्याला वेळ लागला. मला मजा यायला लागली होती, बऱ्याच दिवसांनी.

त्या रविवारी ती गॅलरीतून आत आली, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “गणपतीला यायचं फार मनात होतं म्हणाला, पण सुट्टीच मिळत नाहीये हो त्याला. तुमची आठवण आली की कसंनुसं होतं म्हणाला.”

माझ्या हातात पेन्सिल होती. मी ती नुसती खाली ठेवली.

“हे त्याचं वाक्य नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“तो नको म्हणतो. कारण सांगत नाही. कसंनुसं तर त्याला जन्मात झालेलं नाही. तो काय म्हणाला ते सांग.”

ती आधी हसली, मग उठायला लागली. मी तिचा हात धरला. म्हटलं, गेल्या रविवारचंही त्याचं नव्हतं, त्याआधीचंही नव्हतं. मला कळायला हवं होतं, हेच माझं काम आहे.

माझी बायको येवल्याजवळच्या खेड्यातली. लग्न होऊन आली आणि वर्षभरात शहरातलं बोलायला लागली, ते आजतागायत. त्या दुपारी ते सगळं गळून पडलं.

“लय झालं आता,” ती म्हणाली. “तुमाला खरं पायजे ना? तो तुमचं काय बी विचारत नाय. मीच सांगते, बाबा असे हायेत, बाबा तसे हायेत. तो हं म्हणतो. एकदा म्हणला, आई, त्यांचं नको सांगू, तुझं सांग. मग मी काय करू? आत येऊन तुमाला हे सांगू? तुम्ही बसलेले असता इथं तोंडाकडं बघत.”

मी विचारलं, मी त्याचं असं काय केलं.

“तुम्ही काय बी केलं नाय. त्यो मागच्या बारीला आला तव्हा काय झालं ते इसरलात?”

विसरलो नव्हतो, पण मला ते वेगळं आठवत होतं. तो असाच माझ्या डाव्या हाताला बसला होता. काहीतरी हळू बोलला. मी म्हटलं, मोठ्याने बोल. तो पुन्हा बोलला, मी पुन्हा म्हटलं, अरे मोठ्याने. शेवटी तो ओरडला, “आम्ही वेगळे होतोय, बाबा!” खिडक्या उघड्या होत्या. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी धुत होतं, त्याने वर पाहिलं. समोरच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, भांडण चाललंय का. बायकोपासून वेगळं होण्याची गोष्ट त्याला सगळ्या बिल्डिंगला ओरडून सांगावी लागली, कारण बाप बहिरा. मला त्यातलं एवढंच आठवत होतं की अखेर मला ऐकू आलं होतं.

“आन लोकं काय बोलतात ते ऐकायचंय तुमाला?” ती थांबतच नव्हती. “त्या कॅम्पातला रिक्षावाला म्हणला, बहिऱ्याला घरी ठेवा. मी काय सांगितलं? सावकाश बसा म्हणतोय. तुमचा सुभेदार तोंडावर हसला तुमच्या. समद्यांचं मी एकटीनं ऐकायचं आन तुमाला गोड करून द्यायचं. आता तेबी चुकलं.”

मला पहिल्यांदा राग आला तो कादंबरी नासल्याचा. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आला. मग तो ओसरला आणि मला रडू फुटलं. तिच्यासमोर मी वडील गेले तेव्हा रडलो होतो, त्यानंतर आत्ताच. ती रडली नाही. तिने मला पाणी आणून दिलं आणि ताटं घासायला निघून गेली. इतक्या मोठ्या भांडणात ती एकदाही कसंनुसं म्हणाली नव्हती, हे संध्याकाळी माझ्या लक्षात आलं.

आठवडाभर आम्ही कामापुरतं बोललो. मी कागदांना हात लावला नाही.

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा ती गॅलरीत गेली नाही. माझ्यासमोर उभी राहून त्याच्याशी काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. मग तिने माझ्या कानातलं मशीन काढलं, फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि फोन माझ्या डाव्या कानाला लावला. तिच्या ओठांवरून कळलं: बोला.

“बोल रे,” मी म्हटलं.

कानात काहीतरी गुणगुणलं. शब्द नव्हते, पण आवाज होता, आणि तो त्याचा होता. मी त्याला सांगायला लागलो. पाऊस थांबतच नाही. खालच्या पार्किंगमध्ये पाणी साचलंय. कादंबरी जरा अडली आहे, पण होईल. मध्ये थांबायचो, त्याला बोलू द्यायचो, गुणगुण ऐकायचो, हो हो म्हणायचो. तू जेवणाखाण्याची हेळसांड करू नकोस, असंही म्हटलं. त्या दिवशीचं मनावर घेऊ नकोस, म्हटलं. तुला आता तेवढं ओरडावं लागणार नाही, अगदी जवळ बसलास तर चालेल. पुन्हा थांबलो. पुन्हा ती गुणगुण. मला फार बरं वाटलं, फोनवर मुलाशी बोलणाऱ्या कुठल्याही बापासारखं.

मग मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती आणि काही सांगत नव्हती. मी फोन कानापासून काढला. त्याच्यावर नेहमीचं चित्र होतं, आम्हा तिघांचं. फोन केव्हाच बंद झाला होता. कानात गुणगुण अजून चालूच होती. वर पंखा फिरत होता.

“कधी ठेवला?” मी विचारलं.

“मघाशीच.”

“काय म्हणाला?”

ती माझ्या समोर खुर्चीवर बसली. तोंड नीट माझ्याकडे करून, सावकाश म्हणाली, “जेवलात का, म्हणाला. दोनदा विचारलं. तुम्ही पावसाचं सांगत होतात.”

मी ते वाक्य त्याच्या तोंडात घालून पाहिलं. बसलं. मग तिच्या तोंडात घालून पाहिलं, तिथेही तितकंच नीट बसलं. विंचूरचा व्यापारी ते म्हणेल, सुभेदार म्हणेल, तो रिक्षावालासुद्धा म्हणेल. आपल्याकडे कोण कोणाला ‘जेवलात का’ विचारत नाही? आयुष्यभर ज्या एका कसबावर मी मिजास केली, ते त्या दोन शब्दांपुढे काही कामाचं नव्हतं. हे खरंच तो म्हणाला का, असं मी तिला विचारू शकलो असतो. तिने सांगितलंही असतं, आता ती काही लपवणार नव्हती. मला विचारायचा धीर झाला नाही.

“जेवलो म्हणून सांग त्याला,” मी म्हटलं.

तिने मान हलवली, फोन उचलला आणि गॅलरीत जाऊन दार लोटून घेतलं. काचेतून ती पाठमोरी दिसत होती. ती त्याच्याशी बोलत होती की नुसतीच उभी होती, ते मला कळलं नाही.