कापलेलं नाव

शाळेच्या प्रदर्शनात माझ्या आठवीतल्या एका मुलीचा गुऱ्हाळावरचा तक्ता लागला होता. उचगावहून येणारी ही मुलगी वर्गात दिवसभरात चार शब्द बोलली तरी पुष्कळ. तिचं काम प्रदर्शनात यायची ही पहिलीच वेळ. तक्त्याच्या मधोमध रस उकळणाऱ्या काहिलीचा फोटो होता, नेटवरून घेतलेला.

प्रदर्शन बघायला आलेले एक पालक त्यापुढं थबकले.

"ही काहील माझ्या मामाच्या गुऱ्हाळातली हाय. फोटो मी काढलाय. खाली माझं नाव हुतं की! कुणी कापलं?"

आवाज हॉलभर घुमला. मुलगी तक्त्याशेजारीच मान खाली घालून उभी होती. मुख्याध्यापकांनी शिपायाला तक्ता उतरवायला सांगितलं.

नाव कापायला मी सांगितलं होतं. नेटवरच्या चित्राखालची ती बारीक अक्षरं मला कचऱ्यासारखी वाटायची. "खालची पट्टी कापा, नीटनेटकं दिसतं," असं मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले, वर नीटनेटकेपणाचे गुणही देत आले! आणि आता भर हॉलमध्ये खोटं कशाला सांगू, तक्त्याच्या दोन टाचण्या निघेपर्यंत मी नुसती उभी होते.

मग कसंबसं म्हणाले, "मीच कापायला सांगितलं होतं. तिची काही चूक नाही."

ते गृहस्थ माझ्याकडं वळले. "मग पोरीला कशाला बोलतोय मी? बाई, तुमास्नीच शिकवाय पायजे."

त्यांनी खिशातलं पेन मुलीला दिलं आणि फोटोखाली आपलं नाव लिहून घेतलं. तक्ता जागेवर राहिला. पुढच्या शनिवारी ते खरंच वर्गावर आले. वापरायची परवानगी असलेलीच चित्रं नेटवर कशी शोधायची, अटी कुठं वाचायच्या, खाली नाव कसं द्यायचं, सगळं दाखवलं. मी मागच्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत होते.

"आणि न्हाईच सापडलं तर फोटोवाल्याला इचारा. आमी काय खातोय व्हय?"

त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. त्याहून जास्त उपकार त्या मुलीचे. पुढं एकदा मी तिला विचारलं, "बाईंनी कापायला लावलं, असं तेव्हा का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "मला वाटलं, तुमी सांगशीलाच की."