टाचणीबाईंची पक्की शिलाई

कपडे ढिले-घट्ट करून देणाऱ्या बाईंना सगळी गल्ली टाचणीबाई म्हणायची. त्यांच्या ओठांत कायम सात-आठ टाचण्या धरलेल्या असत आणि बोलणं त्या टाचण्यांच्या फटीतून बाहेर येई. त्यामुळे बाई माप सांगताहेत की रागावल्यात, हे गिऱ्हाइकाला चेहऱ्यावरून ओळखावं लागे. बहुतेक वेळा त्या रागावलेल्याच असत.

त्यांच्या दुकानाचं शटर गेली अकरा वर्षं अडकत होतं. समोरचा किल्लीवाला रोज सकाळी यायचा, डाव्या कोपऱ्याला गुडघा लावायचा, किल्ली अर्धी उलटी फिरवायचा आणि शटर निमूट वर जायचं. बाई म्हणायच्या, "एकदाचं नीट दुरुस्त करा की हो." तो म्हणायचा, "उद्या करतो, बाई." मग चहा पिऊन जायचा.

असा हा माणूस एका सोमवारी परदेशी लोकांच्या नोंदणी कार्यालयात नवा पत्ता कळवायला गेला. कोणी बोलावलं नव्हतं, आपला आपणच गेला. तिथल्या साहेबांचं कपाट उघडत नव्हतं. याच्या हाताला खाज सुटली. दोन मिनिटांत त्याने ते उघडून दिलं, आणि वरच्याच खणात त्याची स्वतःची फाइल निघाली. त्याच्या कागदांची मुदत संपून चार वर्षं झाली होती. साहेबांनी त्याचे मनापासून आभार मानले आणि त्याला कोठडीत पाठवलं. तीन आठवड्यांनी सुनावणी, आणि तिथे हरला तर थेट विमानात. ज्या देशातून तो एकोणीस वर्षांपूर्वी आला होता तिथे आता त्याला ओळखणारं कुणीही उरलं नव्हतं.

टाचणीबाई स्वतः बाहेरून आलेल्या, गल्लीतली निम्मी माणसं बाहेरून आलेली. बाईंनी दुकानात सभा बोलावली. कोठडीसमोर उभं राहायचं ठरलं, तेव्हा 'आमचा शेजारी परत द्या' असा लांबलचक फलक त्यांनी एका दुपारी शिवून काढला. पण नुसतं कापड हातून सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. फलकाला अस्तर लागलं, कडेला पट्टी लागली आणि मागून चार खिसे. मंडळींनी खिशांत चष्मे आणि बिस्किटं ठेवली. शनिवारी दोन तास घोषणा झाल्या. पहारेकऱ्याने आपल्या पॅंटची उसवलेली शिलाई किती दिवसांत करून मिळेल, एवढंच विचारलं.

फुकट खटला चालवणाऱ्या वकीलबाईंनी मग खरं काम सांगितलं. "सरकार म्हणणार, याचं इथे कोणी नाही. तुम्ही पत्रं लिहा. पण गोडगोड नको. तारीख आणि घडलेला प्रसंग हवा, आणि सगळं खरं हवं."

बाई दारोदार फिरल्या. शेवटी बावीस पत्रं आली. दुसऱ्याचं पत्र वाचणं वाईट म्हणून त्यांनी एकही उघडून पाहिलं नाही. जाड दोरा घेतला, जीन्सची सुई लावली आणि सगळी पत्रं मशीनवर दुहेरी टाक्याने एकत्र शिवली. मधलं एक पान कुणी काढायला गेलं तर सगळी फाइल फाटेल, अशी शिलाई.

सुनावणीच्या दिवशी दारावर पहारेकऱ्याने बाईंच्या टाचण्या काढून घेतल्या. ओठांतल्या सात, कॉलरमधल्या बारा, बाहीतल्या कुणी मोजल्या नाहीत. तोंड रिकामं झाल्यावर काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी बाकावर बसून फाइल उघडली आणि पहिल्यांदाच आतलं वाचलं.

पत्रं नव्हतीच ती. तक्रारी होत्या. उपकाराच्या तारखा कुणाला आठवतात? भांडणाच्या मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

उसवायला कात्री नव्हती, वेळही नव्हता. फाइल न्यायाधीशांपुढे गेली. त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

न्हाव्याने लिहिलं होतं, की हा माणूस सात वर्षं खुर्चीत बसला की झोपतो आणि मान हलवतो, मग कानाला लागलं की दोष माझा. निवृत्त मास्तरीणबाईंनी लिहिलं होतं, की माझं दार त्याने पाच वेळा उघडून दिलं आणि पाचही वेळा माझ्या विसराळूपणावर भाषण दिलं, तारखा सोबत जोडल्या आहेत. वरच्या मजल्यावरच्या बेकरीवाल्याने लिहिलं होतं, की तो रोज पहाटे भिंत हादरेल असा घसा खाकरतो. तीन आठवडे झाले खाकरणं बंद आहे, मला जाग येत नाही, पाव उशिरा होतात. तरी त्याला ताबडतोब गल्लीत परत पाठवावं.

किल्लीवाल्याची मान खाली जात जात छातीला टेकली. न्यायाधीश मात्र सरकारी वकिलाकडे बघत होते.

"याचं इथे कोणी नाही, असं तुमचं म्हणणं आहे ना?" त्यांनी विचारलं.

सरकारी वकील कागद चाळू लागला.

"हे शिवलं कुणी? पान उलटत नाही."

टाचणीबाई उभ्या राहिल्या.

"तुमचं स्वतःचं पत्र यात नाही."

"राहूनच गेलं, साहेब." बाईंचा आवाज इतका स्वच्छ कुणी कधी ऐकला नव्हता. "माझीही तक्रारच आहे. अकरा वर्षं हे माझं शटर उद्या दुरुस्त करणार आहेत. तीन आठवडे मी मागच्या खिडकीतून दुकानात शिरतेय. ती खिडकी माझ्या अंगाच्या मापाची नाही. परवा अर्धी आत, अर्धी बाहेर अडकले, आणि तिथेच रडू आलं. शटरसाठी नाही, साहेब. हे नाहीत म्हणून."

हद्दपारी थांबली. कागद पुन्हा करायचे आणि दर महिन्याला हजेरी द्यायची, या अटीवर त्याला सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्लीवाला आला तो हत्यारांची पूर्ण पेटी घेऊन. चेहरा अपराधी. नवी स्प्रिंगही आणली होती.

"बाई, आज हे कायमचं नीट करूनच टाकतो."

टाचणीबाईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"पेटी ठेवा बाजूला," त्या म्हणाल्या. "गुडघा लावा आणि उघडून द्या. दुरुस्ती उद्या करा."